फळ्यावर टेकलेला डावा हात

भूमिती शिकवताना माझा डावा हात फळ्यावर असतो. उजव्या हाताने सिद्धता लिहायची आणि ज्या कोनाबद्दल बोलतो आहे त्यावर डावा तळवा टेकवून ठेवायचा, ही सवय नोकरीच्या पहिल्या वर्षीच लागली. वर्गात चाळीस-पंचेचाळीस मुलं. त्यांतली निम्मी मान खाली घालून उतरवून घेत असतात. मान वर केली की कुठे बघायचं, हे त्यांना माझ्या हातावरून कळतं. घरी आल्यावर माझा डावा खिसा पांढरा झालेला असतो आणि बायको त्यावरून ओळखते, आज भूमिती होती.

घणसोलीच्या आमच्या शाळेत दिवाळीच्या सुट्टीत वरच्या वर्गांतले काळे फळे काढून तिथे डिजिटल पॅनेल बसवली. सुट्टी संपल्यावर मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, सभा घेतली. ज्यांना पॅनेल जमेल त्यांनी दहावी शिकवायची. ज्यांना जमणार नाही त्यांचा विषय दहावीत तयार व्हिडिओवर चालेल आणि त्यांना खालचे वर्ग मिळतील, तिथे खडू-फळा आहेच. तीन आठवड्यांनंतरच्या शनिवारी प्रत्येकाने सगळ्या शिक्षकांसमोर एक पाठ घेऊन दाखवायचा. बोलणं रोखठोक होतं, पण अन्यायाचं नव्हतं. मला मात्र दहावी सोडायची नव्हती. वर्तुळाचं प्रकरण अर्ध्यावर होतं, आणि त्या वर्गाला मी आठवीपासून शिकवत आलो होतो. कोण कुठे अडतं, ते मला ठाऊक होतं.

कंपनीच्या माणसाने एका दुपारी सगळं भराभर दाखवलं. मी लिहून घेतलं. दुसऱ्या दिवशी रिकाम्या वर्गात वर्तुळ काढलं, आत चौकोन काढला, सिद्धता सुरू केली, आणि आकृतीचा एक मोठा तुकडा नाहीसा झाला. पुन्हा काढली. पुन्हा गेली. पॅनेल बिघडलं असं समजून तक्रार केली. दुरुस्तीवाला आला, एका बोटाने रेघा मारून बघितल्या, म्हणाला, "सर, एकदम ओके आहे." तो गेला आणि आकृती पुन्हा गेली. तो दुसऱ्यांदा आला तेव्हाही तेच. स्टाफरूममध्ये मग थट्टा सुरू झाली. "सरांच्या वर्गात बाधा आहे, नारळ फोडा."

आमच्या विज्ञानाच्या बाई मूळच्या उरणजवळच्या मोऱ्याच्या, कोळ्यांच्या घरातल्या. वर्गात शुद्ध बोलतात, आमच्यात आल्या की घरचं बोलतात. त्या एकदा दारात उभ्या राहून माझा सराव बघत होत्या.

"सर, तुमी त्याच्यावर हात कशाला ठेवता वो? ताप बगता का त्याचा?"

मी हात काढला. बाईंनी पुढे येऊन आपला तळवा माझ्या वर्तुळावरून फिरवला. वर्तुळ गेलं.

"बोटानं लिवायचं, तलव्यानं पुसायचं. डस्टर हाय हा तुमचा हात!"

मी इतका मोठ्याने हसलो की शिपाईमामा डोकावून गेले. पण कारण कळलं म्हणून सवय जाते थोडीच? बोलायला लागलो की हात आपोआप वर जायचा. बाईंनी दोन-तीनदा बघितलं आणि आपला जेवणाचा डबा आणून माझ्या डाव्या हातात दिला.

"ह्यो धरा. पारलात तर कालवन तुमच्याच शर्टावर."

शाळा सुटल्यावर त्या रोज शेवटच्या बाकावर बसायच्या. उरणपर्यंत जायचं असूनही कधी घड्याळ बघितलं नाही. मुलांसारखे वेडेवाकडे प्रश्न विचारायच्या. गेलेली आकृती परत आणणारा मागे जायचा बाण त्यांनीच मला दाखवला, आणि तो न बघता सापडेपर्यंत दाबायला लावला.

शनिवारी मी डबा घेऊनच उभा राहिलो. मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

"हातात काय आहे, सर?"

"डबा, बाई."

सगळे हसले. "वर्गात डबा घेऊन शिकवणार का? ठेवा तो."

ठेवला. चक्रीय चौकोनाचे समोरासमोरचे कोन मिळून एकशे ऐंशी अंश होतात, हे सिद्ध करत होतो. निम्म्यावर आलो तेव्हा मोठ्या बाईंनीच विचारलं, "हा कोन नेमका कुठला?" आणि इतक्या वर्षांच्या इमानाने माझा तळवा त्या कोनावर जाऊन टेकला. अर्धं वर्तुळ गेलं. दहावी हातची गेली, असंच मला त्या क्षणी वाटलं.

मागून विज्ञानाच्या बाईंचा आवाज आला, "सर, मागं जावा."

मी बाण दाबला. वर्तुळ जसंच्या तसं परत आलं.

"थांबा," मोठ्या बाई म्हणाल्या. "अजून मागे जा. आता हळूहळू पुढे या." मी एकेक पायरी मागे गेलो, मग एकेक पुढे आलो. सिद्धता आमच्यासमोर पुन्हा उलगडत गेली. त्या स्वतः भाषेच्या शिक्षिका. शेवटच्या पायरीला म्हणाल्या, "ही तिसरी ओळ कुठून आली, ते मला आत्ता कळलं. दहावी तुमच्याकडेच राहू दे. फक्त हात आवरा."

मी विज्ञानाच्या बाईंचे आभार मानायला गेलो. "आभार कसले," त्या म्हणाल्या, "डबा घासून द्या."

सोमवारी दहावीत तोच पाठ घेतला. पूर्वी फळा भरला की मी पुसायचो, आणि ज्याचं राहिलं त्याचं राहायचं. त्या दिवशी खिडकीजवळ बसणारी एक मुलगी, जिने तीन वर्षांत मला एकही प्रश्न विचारला नव्हता, ती उभी राहिली आणि म्हणाली, "सर, दोन ओळी मागे जाता का?"

गेलो. तिने लिहून घेतलं, आणखी एक ओळ मागे न्यायला सांगितलं, आणि मान हलवून खाली बसली.