भाऱ्यामागचे पाय

आपोआप चालणाऱ्या गाड्यांना रस्ता ओळखायला शिकवायचं, हे माझं काम. ऐकायला भारी वाटतं. प्रत्यक्षात मुरबाडच्या एका ऑफिसात बसून कुठल्यातरी शहरातल्या रस्त्यांचे फोटो बघायचे आणि दिसेल त्या गोष्टीभोवती चौकट काढून नाव द्यायचं: गाडी, माणूस, सायकलवाला, झाड. चुका कमी तितकं कौतुक, आणि कौतुकाची मला हाव होती.

माझे बाबा कल्याणात सायकलवरून तबेल्यांना गवताचे भारे पोचवतात. ऑफिसात मात्र मी "ट्रान्सपोर्टमध्ये आहेत" असं सांगून ठेवलं होतं. तसं ते खोटंही नव्हतं म्हणा.

एका दुपारी फोटोत रस्त्याच्या कडेला हिरवागार ढीग आला. शेजारच्या खुर्चीवरची मुलगी मान वाकडी करून म्हणाली, "झुडूप हाय गो, चल फुडं." मला मात्र बघताक्षणी कळलं. भारा उंच बांधला की सीटवर बसायला जागा उरत नाही, मग माणूस सायकल ढकलत नेतो आणि मागून नुसतं गवत दिसतं. खाली, चाकाजवळ, दोन पाय होते. स्लिपर घातलेले.

झाड जागचं हलत नाही असं गाडी धरून चालते, हे आम्हाला पहिल्याच दिवशी सांगितलेलं. शंका आली तर फोटो साहेबांकडे पाठवायची सोयही होती. पण साहेब विचारणार, तुला कसं कळलं? मग बाबांचं सांगावं लागलं असतं. मी 'झाड' लिहिलं. पुढे तसे आणखी फोटो आले. त्यांचंही झाडच केलं.

महिनाअखेरीला बिनचूक काम करणाऱ्यांत माझं नाव वाचलं गेलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं, तरी निर्लज्जासारखी उठून हसले.

त्या संध्याकाळी जेवताना बाबांनी विचारलं, "त्या बिनडायवरच्या गाड्या कल्याणात आल्या, तर मी दिसंन का गो त्यांना?"

"दिसाल ना, बाबा," मी म्हटलं. ताटातून मान वर केली नाही.

दुसऱ्या दिवशी ते कामावरून खुशीत आले. पाय धुता धुता म्हणाले, "तबेल्यात सांगितलं सगल्या सायकलवाल्यांना. घाबरू नका रे, गाडीला शिकवनारी माझीच पोरगी हाय."