लेनचा डावा हात

वॉलरू बंदराच्या धक्क्याला गव्हाची जहाजं लागली की त्यांचे दोर बांधायचं काम लेन ट्रेगेन्झाकडे असे. मनगटाएवढे दोर ओढून तळव्यांना घट्टे पडलेले. पण नाताळच्या, म्हणजे तिथल्या भर उन्हाळ्यातल्या, मेळाव्यात तेच हात पांढरी सुती दोरी घेऊन हॉलमध्ये उभे राहिले, की उकाड्याने हैराण झालेली माणसं वारा घ्यायचंही विसरत. जादू साधीच. दोरी मधोमध कापायची, गाठ मारायची, फुंकर घालायची, की दोरी पुन्हा अखंड.

पहिल्या रांगेत डग पास्को बसे. गव्हाच्या कोठारावर वजनकाटा बघणारा, भसाड्या आवाजाचा. "बाहीत बघा, बाहीत! दुसरी दोरी आहे त्याच्या बाहीत!" दरवर्षी तो ओरडायचा आणि हॉल हसायचा. लेनची बायको नोला माझी शेजारीण. ती चडफडायची, "एक दिवस त्या डगलाच दोरीने बांधून ठेवणार आहे मी!"

मग लेनला अर्धांगवायूचा झटका आला. हळूहळू बोलणं परत आलं, चालणं आलं, डावा हात मात्र आला नाही. त्या वर्षी मेळावा ठरला तेव्हा त्याला कुणी विचारलंच नाही. लोकांना वाटलं, विचारणं बरं दिसणार नाही.

मी त्यांच्याकडे बसले होते, तेव्हा डग दारात आला. हातात नवी दोरी.

"थट्टा करायला आलास?" नोला म्हणाली.

"नाही. डावा हात द्यायला आलोय."

लेन खुर्चीतूनच खेकसला, "तुला काय कळतंय त्यातलं?"

"इतकी वर्षं तुला पकडायला टपून बसत होतो, गड्या. तू खरी कात्री कुठं लावतोस, ते मला कधीच कळलंय."

"मग बोलला का नाहीस?"

डगने टोपी हातात फिरवली. "बोललो असतो, तर पुढच्या वर्षी काय बघायला आलो असतो?"

त्यानंतर रोज त्या घरातून भांडण ऐकू यायचं. "घाई करू नकोस रे!" "तूच रेंगाळतोस!" एकाच्या मनातलं दुसऱ्याच्या बोटांपर्यंत पोचायला वेळ लागत होता.

मेळाव्यात दोघं खांद्याला खांदा लावून उभे राहिले. डगने उजवा हात लेनच्या कमरेभोवती घातला होता. समोरून आम्हाला तो आधार दिसत नव्हता; नोलाने मागाहून सांगितलं. दोरी कापली, गाठ मारली. आणि डगने अंमळ आधीच हात सरकवला. मुठीत लपवलेला छोटा तुकडा सगळ्यांदेखत जमिनीवर पडला.

डग लालबुंद.

लेनने तुकड्याकडे पाहिलं. "सांगत होतो ना," तो सावकाश म्हणाला, "ती दुसरी दोरी याच्या बाहीत होती!"

लोक इतके हसले की काहींनी डोळे पुसले. हसू ओसरल्यावर दोघांनी नवी दोरी घेतली. या खेपेला डग थांबला, लेनच्या श्वासाकडे लक्ष ठेवून. गाठ सरकली, दोरी अखंड झाली. टाळ्या मात्र दरवर्षीपेक्षा उशिरा वाजल्या. मलाही वाजवायला जरा वेळ लागला; डोळे त्या दोघांच्या हातांवरच खिळले होते.

नंतर जेवणं झाली. आजारापासून लेन चारचौघांत जेवत नसे. एका हाताने मांस कापता येत नाही, आणि नोलाने कापून दिलेलं त्याला चालत नसे. त्या दिवशी डगने बोलता बोलता त्याचं ताट आपल्याकडे ओढलं आणि त्यातलं मांस कापायला घेतलं.

"चूक तुझीच होती," डग म्हणाला.

"अजून बारीक काप," लेन म्हणाला.