गडी कानानं पारखावा

तात्या गेल्याचा निरोप आला तेव्हा मी पिरंगुटच्या शाळेत तिसरीच्या पोरांना भागाकार शिकवत होतो. जांब्याहून सायकल हाणत आलेला माणूस वर्गाच्या दारातच थबकला आणि म्हणाला, "मास्तर, तात्या सकाळच्या पारी गेलं." मी खडू ठेवला, हेडमास्तरांची सायकल मागून घेतली आणि जो निघालो तो घोटावड्याच्या फाट्यापर्यंत गेलो. तिथं चेन पडली म्हणून उतरलो. काळ्या हातांनी चेन बसवता बसवता ध्यानात आलं की तात्या माझे वडील नव्हेत, माझे सासरे. ज्यांचे ते वडील, त्या आमच्या मंडळी पिरंगुटला घरात भाकरी थापत बसल्यात आणि त्यांना अजून काहीच ठाऊक नाही... तशीच सायकल फिरवली. घरी पोचलो तर घामानं निथळत होतो आणि कपाळाला वंगण लागलेलं. मला बघून गोदाबाई म्हणाल्या, "कुटं पडलात?" मी सांगितलं. त्या चुलीपुढून उठल्या, परातीत हात धुतले, आणि पहिला प्रश्न केला तो असा: "सोपानराव कसं हायेत?"

बाप गेल्याचं ऐकून धाकट्या बहिणीच्या नवऱ्याची चौकशी! कुणालाही नवल वाटेल. मला वाटलं नाही. गेली कैक वर्षं आमच्या घरात जांब्याहून कुणीही आलं की गोदाबाईंच्या तोंडी आधी हाच प्रश्न असे आणि उत्तर येईपर्यंत श्वास अडकलेला असे. निरोप कधीतरी येणार हे आम्ही धरूनच चाललो होतो. फक्त तो तात्यांचा असेल असं कुणाला वाटलं नव्हतं.

तात्यांना शेती होती, बैल होते, दोन मुली होत्या, पण जीव होता तो हुतूतूत. स्वतः कधी खेळले नाहीत, पायानं जरासे अधू. पण मुळशीच्या मुलखात कुठल्या गावचा कोणता गडी कुठं चाललाय, कुणी कुणाला फोडलं, कुणाचा गुडघा गेला, याची बातमी तात्यांकडं पोचल्याशिवाय ती बातमी ठरत नसे. पुण्याला दूध घालून परतणारे सायकलवाले त्यांच्या गोठ्यापाशी पाणी प्यायला थांबत आणि पाण्याच्या बदल्यात बातम्या टाकून जात. तात्या बैलाच्या पाठीवरून हात फिरवत ऐकत आणि निकाल देत. "त्यो? डोळा चांगला, पाय चोर. दोन जत्रा टिकंल." "त्याला कारखान्यानं नोकरीला लावून उचलला व्हय? गेला. आता पेटीत घातल्याला पोपट त्यो." निकाल बहुतेक अशुभच असे, आणि वाईट असं की बहुतेक खराही ठरे. त्यामुळं खेळणारी पोरं तात्यांच्या समोरून जाताना जरा तिरकीच जात. आपल्याबद्दल म्हातारा काही बोलला तर?

चैत्रातल्या जत्रेत ढालीचा सामना होई. नियम एकच, गडी गावचा पाहिजे. आता गावचा म्हणजे कोण? तर गावात जन्मलेला, किंवा गावचा जावई. या दुसऱ्या वाटेनं त्या काळी बरेच गडी इकडचे तिकडे झाले. चांगला चढाईवाला दिसला की पंचमंडळी आधी त्याची चढाई बघत आणि मग आपसात विचारत, "उजवायची पोरगी कुनाकडं हाय?"

मी स्वतः असाच उचललेला गडी. हसू नका. एका जत्रेत आमच्या गावाला माणूस कमी पडला म्हणून मला उभा केला होता. समोरून नावाजलेला चढाईवाला आला. मी घाबरून मागं सरताना धोतरात पाय अडकून पालथा पडलो तो नेमका त्याच्या घोट्यावर. गडी बाद! तात्या तिथं होते. महिन्याभरात मी त्यांचा जावई झालो आणि पुढच्या जत्रेत जांब्याकडून खेळलो. पहिल्याच चढाईत मी मधली रेषा ओलांडण्याआधीच दम सोडला. संध्याकाळी जेवताना तात्या म्हणाले, "मास्तर, तुमाला म्या डोळ्यांनी बगितलं, तितंच चुकलो. गडी कानानं पारखावा."

तेव्हापासून ते सामना डोळे मिटून ऐकू लागले. हुतूतूत सारा खेळ श्वासाचा. एका दमात "हुतूतू" घुमवत पलीकडं जायचं, गडी मारायचा आणि दम तुटायच्या आत परत यायचं. दम पलीकडं तुटला की तुम्ही बाद. तात्या रेषेच्या कडेला पटका गुडघ्यावर ठेवून बसत आणि नुसत्या घुमण्यावरून सांगत की हा परत येतोय, हा गेला.

सोपानाची बातमी अशीच दूधवाल्यांकडून आली. कासारसाईच्या वरच्या अंगाला एका वाडीतला पोर, आईबाप लहानपणीच गेलेले, चुलत्यानं वाढवलेला. त्याचा दम म्हणे संपतच नाही. तात्या स्वतः जाऊन त्याला घेऊन आले आणि आपल्या खळ्यावर त्याच्याकडून एकट्याच्या चढाया करवून घेतल्या. मी तिथं होतो. पोरगं वाऱ्यासारखं. घुमणं तर असं, की पाखरं उडून गेली. तात्या डोळे मिटून ऐकत होते. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा घुमायला लावलं. मग डोळे उघडले, आणि काहीच बोलले नाहीत.

मला आनंद झाला. म्हटलं, एक तरी गडी असा सापडला की ज्याच्यात तात्यांना खोट काढता येईना. ज्या माणसाला दर गड्याबद्दल मत असे, त्याला याच्याबद्दल मत नाही, हे चांगलं लक्षण नव्हे, हे माझ्या टाळक्यात शिरलं नाही. गोदाबाईंच्या शिरलं.

धाकट्या यमुनेचं लग्न माघात उरकलं, म्हणजे चैत्रात जावई गावचा. हळदीच्या दिवशी नवऱ्या मुलाचे हात धरून हळद लावताना गोदाबाईंना त्याची नखं दिसली. निळसर. मांडवाच्या मागं बोलावून मला म्हणाल्या, "तुमी तात्यांना इचारा. मला बरं वाटंना." मी विचारलं. तात्या पाहुण्यांना विडे देत होते. "थंडी हाय, मास्तर," म्हणाले. माघ होता खरा, पण आम्ही सगळे उन्हात उभे होतो. मी पुन्हा म्हटलं, "तात्या, डॉक्टराला दाखवू या का एकदा?" तर आवाज चढला. "तुमचं काम पाडं शिकवायचं. गड्यातलं तुमाला काय कळतंय?" गड्यातलं मला काय कळत होतं ते साऱ्या जत्रेनं पाहिलं होतं.

मग जत्रेपर्यंतचे दिवस. यमुना माहेरीच राहिली, सोपाना घरजावई. पोरगी एवढी खूश की गोदाबाईंना तिच्याशी काही बोलवेना. तो औतावरून आला की उंबऱ्यावर बसायचा, हात छातीवर. "काय होतंय?" विचारलं की हसायचा. "काय न्हाई, दम साठवतोय." तात्या हे ऐकायचे आणि उठून गोठ्यात जायचे. बातम्या घेऊन आलेल्या दूधवाल्यांना पाणी मिळे, निकाल मिळेना. गावात मात्र ढाल आलीच म्हणून नारळ फुटत होते. मला आठवतं, त्या दिवसांत तात्या जेवायचे कमी आणि जेवताना मान सोपानाच्या बाजूला कललेली असायची, जसा कुणी लांबचा ढोल ऐकतोय.

सामना शेवटाला आला तेव्हा दोन्ही गावं बरोबरीत होती. सोपानाची चढाई. त्यानं एक गडी मारला, दुसरा मारला, आणि आता परत फिरावं तर पोरगं फिरेना. तिसऱ्याच्या मागं कोपऱ्यात शिरलं. माणसं उड्या मारत होती, बाया बसल्या जागेवरून उठून उभ्या राहिल्या होत्या, त्यांच्यात यमुना. हुतूतू, हुतूतू... तो आवाज हळूहळू बारीक होत गेला. दम कमी होताना आवाज बारीक होतो हे मलाही ठाऊक आहे. पण हा वेगळाच होता, फाटक्या भात्यासारखा. आणि तरी तो थांबत नव्हता. जांब्याची पोरं ओरडत होती, "सोडू नगं! सोडू नगं!"

तात्यांनी डोळे उघडले. अधू पायावर उभे राहिले, आणि त्या सगळ्या गलक्याच्या वर त्यांचा आवाज गेला.

"सोड! सोपाना, दम सोड! तुज्या छातीत खोट हाय! मला ठावं हाय!"

पोरानं आवाजाच्या दिशेनं पाहिलं. घुमणं थांबलं. तो परक्या बाजूलाच खाली बसला, मग आडवा झाला. पकडायला धावलेले गडी त्याच्याजवळ येऊन तसेच उभे राहिले. त्यांनीच त्याला उचलून सावलीत आणलं. ढाल गेली. त्या क्षणी मात्र जत्रेत कुणी ढालीकडं बघत नव्हतं. सगळे तात्यांकडं बघत होते. "मला ठावं हाय." हे शब्द कुणाला ऐकू आले नाहीत असं नाही. यमुनेनं डोक्यावरचा पदर नीट केला, बापाच्या समोरून चालत गेली आणि नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसली.

पुण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, हृदयाची झडप लहानपणच्या तापात बिघडलेली. धावायचं नाही, औत धरायचं नाही. जपलं तर जगेल. "अजून थोडं ओढलं असतं ना..." म्हणाले आणि नळी गळ्यातून काढून ठेवली.

त्यानंतर तात्यांनी एकाही गड्याबद्दल तोंड उघडलं नाही. यमुना त्यांना भाकरी वाढी, चहा देई, बोलत मात्र नसे. "त्यांना म्हणावं पाणी तापलंय," असं भिंतीला सांगे. तात्यांनी सोपानाला शिवणाचं यंत्र आणून दिलं, ओसरीवर बसवलं. पायानं चालवायचं नको म्हणून हाताच्या दांड्याचं. शेजारी एक फळी टाकली आणि त्या फळीवर रोज सकाळपासून भिंतीला टेकून, डोळे मिटून बसू लागले. येणारी-जाणारी माणसं म्हणत, म्हातारा यंत्राच्या तालावर झोपतोय. मीही तेच समजलो होतो. एकदा सोपाना हसत म्हणाला, "दाजी, म्या दोरा तोडाया थांबलो तरी तात्यांचं डोळं उघडत्यात. मी हाय का न्हाई बगत्यात." तेव्हा कळलं, ते यंत्र ऐकत नव्हते.

त्या दिवशी सकाळी सोपानानं एका पोराच्या सदऱ्याची बाही पुरी केली, दोरा तोडायला यंत्र थांबवलं... आणि तात्यांनी डोळे उघडले नाहीत.

आम्ही पोचलो तेव्हा यमुना त्यांच्या पायाशी बसून होती. "तात्या," म्हणत होती. एवढंच, पुन्हा पुन्हा, जणू इतक्या वर्षांचं एकदाच म्हणून घेत होती. तेराव्यानंतर गेलो तर फळी जागच्या जागी होती. कपडे शिवायला आलेलं गिऱ्हाईक उभं राहतं, तिच्यावर बसत नाही. सोपाना दोरा तोडायला थांबला की अजून तिकडं बघतो.

हा लेख लिहायला घेतला तेव्हा माझी पंचाईत झाली. पेपरात लिहायचं, चार लोक वाचणार, यमुना वाचून घेणार. तात्यांना आधीपासून ठाऊक होतं, हे कसं लिहावं? जत्रेतल्या ओरडण्यातले शेवटचे तीन शब्द गाळावेत असं ठरवलं आणि तसं लिहून गोदाबाईंना वाचून दाखवलं. त्या तांदूळ निवडत होत्या. खडा बाजूला टाकत म्हणाल्या,

"तात्यांनी ते साऱ्या जत्रंत वरडून सांगितलं. तुमी कागदावर का कुजबुजताय?"