दोन गावांचं एक पान

शिवलेल्या वहीवर माझा राग आहे, आणि तो आता या वयात जायचा नाही. दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या तीनचार वर्षं आधी मी लोणावळ्याच्या एका दवाखान्यात सुईण म्हणून लागले, तेव्हा माझ्या हातात एक जाडजूड रजिस्टर ठेवलं गेलं. तपासलेल्या बायकांची नोंद तारखेनं करायची, एकीखाली दुसरी. दिसायला छान. पण तीच बाई दोन महिन्यांनी पुन्हा भेटली की मागची नोंद सापडेपर्यंत माझा जीव अर्धा व्हायचा.

त्यातून आपल्याकडची रीत. लग्नात मुलीचं नाव बदलायचं, आणि बाळंतपणाला तिनं माहेरी जायचं. म्हणजे पाचव्या महिन्यात मी जिला सासरी एका नावानं तपासलं, ती नवव्या महिन्यात दुसऱ्याच गावात, दुसऱ्याच नावानं! एकदा मी अख्खी दुपार एकीला शोधत हिंडले. ज्याला विचारावं तो म्हणे, "अशी कुनी न्हाई हितं." शेवटी तीच विहिरीवरून ओरडली, "बाई, मला हुडकताय व्हय?" कप्पाळ माझं! शेजाऱ्यांना तिचं सासरचं नाव ठाऊकच नव्हतं.

त्याच आठवड्यात मी बाजारातल्या पुस्तकं बांधणाऱ्या चाचांकडे गेले. म्हटलं, "चाचा, वही हवी, पण शिवायची नाही. दोन पुठ्ठे, दोन भोकं, मधून बुटाची नाडी. पान काढता आलं पाहिजे, हवं तिथं घालता आलं पाहिजे, आणि संपली की कोरी भरता आली पाहिजेत."

चाचांनी चष्म्यावरून पाहिलं. "सारा जन्म लोकांची सुटी पानं शिवण्यात गेला. शिवू नका म्हणून सांगायला आलेल्या तुम्हीच पहिल्या."

पण वही झकास केली. दर गावाला एक निळा जाड कागद आणि त्यामागे त्या गावच्या बायका, एकीला एक पान. पानाच्या डोक्यावर दोन्ही नावं, दोन्ही गावं. बाई माहेरी गेली की नाडी सोडायची आणि तिचं पान त्या गावात नेऊन ओवायचं. डॉक्टर म्हणाले, "असलं सुटं बाड दवाखान्यात चालायचं नाही." मी कसली ऐकते! दवाखान्याचं रजिस्टर भरायचं आणि माझी वहीही भरायची, असं ठरवलं. कितीही पाय दुखोत, एक दिवस चुकवला नाही.

आंदर मावळातल्या एका वाडीत मला एक पोटुशी मुलगी भेटली. विशीच्या आतली असेल. सासू वळली तशी तिनं मला गोठ्यात ओढून नेलं आणि कुजबुजत सांगितलं. पहिल्या खेपेला माहेरी जायच्या आधीच, सातव्या महिन्यात, तिला इथंच कळा आल्या. मूल गेलं. बाळामागून पडायची वार अडकली, ती कुणीतरी ओढून काढली, आणि दोन दिवस रक्त थांबलं नाही. माहेरी निरोप गेला तो फक्त मूल गेल्याचा. "माज्या आईला कळू देऊ नगा, बाई," ती म्हणाली. "ती मला परत हिकडं धाडायची न्हाई." मी शब्द दिला, आणि सगळं पानावर लिहिलं.

पुढच्या फेरीला गेले तर ती माहेरी गेली होती, बेडशाला. तिच्या सासरच्याच ओटीवर बसून मी नाडी सोडली आणि तिचं पान बेडशाच्या निळ्या कागदामागे ओवलं. दुसऱ्याच दिवशी कामशेतला गाडीतून उतरून बेडशाची वाट धरली.

तिची आई तांदूळ पाखडत होती. मी म्हटलं, "मावशी, दिवस भरायच्या आधी हिला लोणावळ्याला आणा. घरी बाळंतपण नको."

"आमच्या सात पिड्यांत कोन गेलंय दवाखान्यात?" सूप काही थांबेना. "माजी चार बाळंतपनं हितंच झाली. हिला काय धाड भरलीय?"

परोपरीनं सांगून पाहिलं. बाई हलेना. मुलगी दाराआडून माझ्याकडे बघत होती, आणि तिच्या डोळ्यांत एकच होतं, बोलू नका. मला तिची दया आली, भीतीही वाटली. पण पुन्हा वार अडकली तर ही पोर इथं अंथरुणात संपेल, हे मला स्वच्छ दिसत होतं. मी वही उघडली आणि तिचं पान मोठ्यानं वाचलं. पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत.

सूप थांबलं. आई उठली, लेकीपुढे जाऊन उभी राहिली आणि म्हणाली, "दोन दिस? आनि मला कुनी सांगितलं न्हाई?" मुलगी रडायला लागली. मग आईनं मला एवढंच विचारलं, "कवा आनायची?"

पंधरा दिवसांनी बैलगाडीनं कामशेतला आणि तिथून आगगाडीनं मायलेकी लोणावळ्याला आल्या. मुलगी माझ्याशी बोलेना. "तुमी शब्द दिलता," एवढंच एकदा म्हणाली, आणि ते मला लागलं. मी शब्द मोडला होता, त्याला दुसरं नाव नाही.

वार पुन्हा अडकलीच. पण डॉक्टरांनी ते सुटं पान वाचून औषधापासून सगळी तयारी आधीच करून ठेवली होती. रक्त बरंच गेलं, तासाभरात थांबलं. मुलगी झाली, चांगली खणखणीत रडणारी. डॉक्टरांनी पान मला परत दिलं आणि वहीबद्दल पुन्हा कधी बोलले नाहीत.

आईनं सासरी निरोप धाडला. आठ दिवस गेले, बारा गेले. तिकडून कुणी आलं नाही. नातीचं तोंड बघायलाही नाही आणि सून जगली की मेली हे विचारायलाही नाही. तेराव्या दिवशी मी खाटेशी गेले तशी मुलगी आपणहून बोलली.

"बाई, तुमची ती वही आना."

मी आणली. तिला वाचता येत नव्हतं. "माजी दोनी नावं हायती न्हवं ह्यावर? तिकडलं खोडा. गावाचं बी."

"अगं, नीट विचार कर."

"बारा दिस त्योच करतीय."

मी दौत ओढली, टाक बुडवला आणि सासरच्या नावावर, गावावर एक रेघ मारली. ती पोरीला मांडीवर घेऊन, वाकून बघत होती.

"अजून दिसतंय," ती म्हणाली. "अजून येक मारा."