गेल्या सालचा गुरुवार

द्वारकाबाईच्या वर्षश्राद्धाची पंगत कारभारीनं दोन दिवशी ठेवली. मुद्दाम नाही. "चौदा तारखेला, गुरुवारी," असं तो घरोघर सांगून आला, आणि चौदा तारखेला होता शुक्रवार. ज्यांनी वार ध्यानात ठेवला ते गुरुवारी आले. आचारी तारीख धरणारांतला निघाला.

त्यामुळं लेकीचे सासरे आप्पासाहेब दौलताबादहून चार माणसं घेऊन दारात उतरले, तेव्हा कारभारी बनियनवर दाढी करत बसला होता.

"पाव्हणं, पंगत कुठाय?"

कारभारी फेसासकट आत गेला, डायरी घेऊन आला आणि पानावर बोट ठेवलं. "हे बघा. गुरुवार."

आप्पासाहेबांनी कव्हर उलटून पाहिलं. "व्हय, गुरुवारच हाय. पण गेल्या सालचा."

कारभारी शेंद्र्याच्या एका कारखान्यात गेटवर होता. जानेवारीत तिथं गेल्या सालच्या उरलेल्या कोऱ्या डायऱ्या रद्दीत निघत. त्यातली एक तो दरसाल घरी आणी. कागद झकास, तारखा त्याच, वार तेवढा एक घर मागं. जेवण झालं की तो पान उघडून बायकोला विचारी, "उद्या वार कोणता गं?" त्याची सुट्टी दर आठवड्याला जागा बदलायची, त्यामुळं वार त्याच्या हाती लागत नसत. द्वारकाबाईला अक्षर येत नव्हतं, पण बाजार आणि उपास यांच्यावरनं वार तिच्या जिभेवर असे. ती सांगे. तो छापील वार खोडून वर खरा लिही, आणि खाली उद्याची कामं. दळण. शेळीला पाला. पत्र्याला डांबर.

"आन् लिवा, बायकूसंगं दोन शब्द बोलणं," ती म्हणे.

तेही तो लिहून घेई.

ती गेली. नवी जुनी डायरी आली, कामं लिहिणं चालू राहिलं, वार खोडायचे मात्र राहिले. दळण आणि पाला काही वार विचारत नाहीत, म्हणून वर्षभर कुणाच्या लक्षातही आलं नाही.

त्या दिवशी अब्रू राखली शेजारच्या आवडाबाईनं. आपल्या डब्यातली होती नव्हती ती तूरडाळ तिनं शिजत घातली. वरणभात वाढता वाढता म्हणाली, "भावजी, रडा नायतर हसा. त्वांड कंपनीच्या पाटीवानी काय करून बसलाव?"

कारभारीला दोन्हीतलं काही जमेना. त्यानं पाण्याचे तांबे भरले.

"मंग आता उद्या पुन्हा यावं का आमी?" आप्पासाहेबांनी हात धुताना विचारलं.

"या की. चौदा तारीख उद्याच हाय."

आणि आप्पासाहेब आले, चारही माणसांसकट. शुक्रवारची पंगत ठीक झाली, कुणी उपाशी उठलं नाही. संध्याकाळी कारभारीनं डायरी उघडली. आचारी, पत्रावळ्या, गूळ, सगळं खोडून झालं होतं. वर्षभर ह्या एका दिवसाची तयारी पानोपान पुढं सरकत आली होती. आता पुढचं पान कोरं होतं, आणि त्याला त्याचं काहीच वाटत नव्हतं.

"उद्या वार कोणता गं?" त्यानं सवयीनं चुलीकडं बघून विचारलं. मग पानावर लिहिलं, 'आवडावहिनीची डाळ देणे.'

दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून येताना त्यानं डाळ आणली आणि पिशवी खुंटीला अडकवली. तेवढ्यात भिंतीपलीकडून आवाज आला.

"भावजी, डाळ कवा देताव?"

"उद्या देतो, वहिनी."

"कोणत्या सालच्या उद्या?"

कारभारीनं खुंटीवरची पिशवी नीट अडकवली.

"उद्या रईवार हाय म्हणलं. नायतर परत शनवारच धरून बसचाल."

तो आत गेला. सोळा तारखेच्या पानावरचा छापील शनिवार त्यानं खोडला आणि वर नीट अक्षरात रविवार लिहिलं. त्याखाली लिहिलं, 'आवडावहिनीची डाळ देणे.'

सोमवार तिनंच सांगितला. मंगळवारही. पिशवी खुंटीलाच आहे.