शिंगराच्या बेंबीचा क्लॅम्प

गुरांची डॉक्टर असून मला बाबांच्या शेडची किळस यायची. सांगायला लाज वाटते, पण यायची. बाबा स्टील प्लांटमध्ये पाइप फिटर होते. रिटायर झाल्यावर लोक तीर्थयात्रेला जातात, यांनी सुपेल्यात पत्र्याची शेड घेतली आणि वरातीसाठी घोडी पाळली. नवरदेव अत्तर लावून तिच्यावर बसायचे. तिच्या शेडमध्ये मूत, कुजकं गवत आणि माश्या. नाकाला रुमाल लावल्याशिवाय मला आत पाय टाकवत नसे.

घोडी व्याली. शिंगरू महिन्याचं झालं तेव्हा बाबांचा फोन आला, बेंबीपाशी लिंबाएवढा फुगा आलाय. हर्निया. पोटातल्या भोकातून आतडं कातडीखाली उतरतं, भोक लहान असलं तर बहुतेकदा आपोआप बुजतं. दाबल्यावर आत जातं का, विचारलं. जातं म्हणाले. मग रोज बोटांनी आत ढकला आणि थांबा, सांगून मी मोकळी झाले. मी राहते त्या स्मृति नगरहून सुपेल्याची शेड काही लांब नाही. पण शेड आठवली आणि मी गेले नाही.

थांबणं बाबांच्या रक्तात नव्हतं. पाइपाला गळती दिसली की वरून क्लॅम्पचं कडं आवळायचं, यात त्यांची हयात गेलेली. दोनेक आठवड्यांनी पुन्हा फोन आला, शिंगरू लोळतंय, दूध पीत नाही. गेले तर दारातच वास आला, नेहमीचा नव्हे, सडक्या मांसाचा. फुग्याच्या मुळाशी पाइपाचा लोखंडी क्लॅम्प, स्क्रू गच्च पिळलेला. कातडी काळी पडलेली, पू वाहत होता आणि त्यात अळ्या वळवळत होत्या. क्लॅम्प काढला, भूल देऊन चिरलं. आतडं त्यातच आवळलं गेलं होतं, वीतभर काळंनिळं, फुटलेलं. मी बाहेर जाऊन ओकले. इतकी वर्षं म्हशींच्या पोटात हात घालणारी बाई मी.

बाबा मागे आले. "रोज थोडाथोडा कसून राहिलो होतो," ते म्हणाले. "कावून, जास्त टाइट झालं का?"

मी नाही नाही ते बोलले. जनावर आहे ते, पाइप नाही, हात तरी धुता का, बरंच काही.

"मले जेवढं येते तेवढं केलं, बेटा," ते म्हणाले. "तू येशीन म्हून आधी चार दिवस वाट पायली."

वाचण्यासारखं काही उरलं नव्हतं. शेवटचं इंजेक्शन मीच दिलं. त्या वासापेक्षा मला माझीच जास्त किळस आली.

घोडीचं दूध पुढे दोन-तीन दिवस जमिनीवर टपकत राहिलं. बाबा समोर बसून ते बघत राहायचे. मी रोज जायची, रुमाल न लावता. आता तिथे माझं काही काम नव्हतं.