मुरुडशेंगेचं कपाट

रानातली झुडपं नाहीशी होतील, म्हणून त्यांचं बी कपाटात जपा, असा आमच्या कचेरीतल्या गोऱ्या साहेबाचा हुकूम सुटला आणि मी लोणावळ्याच्या डोंगरात मुरुडशेंगा ओरबाडायला गेलो. वाट दाखवायला वाडीतले एक आबा होते. प्रत्येक झुडपावर ते चार शेंगा मागं ठेवायचे. मी पदवीधर, त्याही तोडायचो. मूठभर बी उतारावर टाकून त्यांनी टाचेनं माती दाबली, तेव्हा मी त्यांना कपाटाचं महत्त्व समजावलं. "व्हय, व्हय," म्हणत त्यांनी ऐकून घेतलं.

पावसाळ्यात आमच्या कपाटात बुरशीचं भरघोस पीक आलं. पाऊस सरल्यावर मी निमूट पुन्हा आबांकडे बी मागायला गेलो. उतारावर कोवळी रोपं डुलत होती.

"सायेब, ह्ये माजं कपाट," आबा म्हणाले, "पाय जपून टाका."